स्वयंपाकघरातला सभात्याग

माझे धाकटे दीर आमदार आहेत. त्यांची भाषणं लोक सभागृहात ऐकतात, टीव्हीवर ऐकतात, पण त्याआधी ती सगळी आमच्या स्वयंपाकघरात होऊन गेलेली असतात. तिथे श्रोता एकच, मी. आणि मी बोलत नाही.

बोलत नाही म्हणजे त्या वेळी बोलत नाही. उठल्यापासून प्रार्थना आणि जप पुरा होईपर्यंत मौन, असा माझा नेम आहे. एका मोठ्या आजारपणातून उठले तेव्हा धरला, आणि देवाने तो आजवर पाळून घेतला. त्यात माझा मोठेपणा काही नाही. सकाळी माणसाच्या तोंडून जे निघतं त्यातलं निम्मं निघालं नाही तरी घर चालतं, एवढं मला त्यातून कळलं. आमचे हे तर म्हणतात, “नेम तिचा आणि पुण्य माझं. सकाळचा चहा मी शांतपणे पितो.”

भाऊजी पहिल्यांदा निवडून आले तेव्हा त्यांना भाषण म्हणून दाखवायला घरात कोणी मिळेना. माझी जाऊ शाळेत शिकवते. ती दर वाक्याला व्याकरण सुधारायची. आमचे हे जन्मभर साखर कारखान्यात फिटर होते. यांना प्रत्येक मुद्द्यावर स्वतःचा एखादा अनुभव आठवायचा आणि तो भाषणापेक्षा लांब निघायचा. शेवटी कंटाळून भाऊजी एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या घरातून खाली आमच्याकडे आले. मी भाजी चिरत होते. समोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “वहिनी, तुमचं मौन आहे ना? मग तुम्हीच ऐका.”

तेव्हापासून तीच रीत पडली. ते बोलतात, मी चिरते नाहीतर निवडते. ते माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, हातांकडे बघतात. सुरी थांबली की वाक्य ठेवायचं, चालू राहिली की वाक्य कापायचं. मला हे पुष्कळ उशिरा कळलं. कळल्यावर मी फार जपून चिरू लागले, तर म्हणाले, “वहिनी, नेहमीसारखं चिरा. आपलं कोणी ऐकतंय हे मतदाराला कळलं की मतदार बिघडतो.”

या अधिवेशनात त्यांना तीन गोष्टींवर बोलायचं होतं आणि तिन्ही आमच्या दारातल्या होत्या. पहिली, डिझेल-पेट्रोलचे भाव. ते वाढले की ऊस वाहणाऱ्या ट्रकपासून जाऊबाईंच्या शाळेच्या बसपर्यंत सगळं वाढतं. भाऊजींचं म्हणणं असं, की भावात अर्धा तर करच आहे, तो सरकारने आधी उतरवावा आणि मग जगाच्या बाजाराकडे बोट दाखवावं. दुसरी गोष्ट साखरेची. बाहेरून स्वस्त साखर आणायचं घाटत होतं, आणि इकडे आमच्या कारखान्याचं गोदाम छतापर्यंत पोत्यांनी भरलेलं. यावर त्यांचा उपाय ठरलेला होता. कारखान्यात डिस्टिलरी घालायची आणि मळीपासून गाडीत घालायचं इंधन करायचं. म्हणजे बाहेरचं तेल कमी लागेल, ऊसवाल्याला भाव मिळेल आणि साखरेचे ढीगही लागणार नाहीत. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी त्याची सगळी तयारी करून ठेवली होती.

अडलं होतं ते पाण्यावर. डिस्टिलरीला पाणी लागतं आणि आमची वस्ती कालव्याच्या अगदी शेपटाला. आजवर नियम सरळ होता, धरणात पाणी कमी असेल तर आधी नळाला, मग बाकीच्यांना. नव्या जलनीतीत एक कलम घातलं होतं, की तुटीच्या वर्षी एक समिती बसेल आणि कोणाला आधी ते ती ठरवेल. समितीत कारखानेवालेच असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. तळं राखी तो पाणी चाखी.

भाषणाच्या आदल्या संध्याकाळी चेअरमनसाहेब स्वतः घरी आले. माणूस वाईट नाही, हे मला आधीच सांगायला हवं. आमच्या यांचा हात मशिनीत सापडला होता तेव्हा त्यांनी आपली गाडी दिली, आपण पायी घरी गेले. त्या हाताने हे आजही पेला उचलतात, आणि तो उचललेला दिसला की मला चेअरमनसाहेबांची आठवण होते.

ते बसले, चहा घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, तुमच्या पोराला आता हंगामी ठेवायचा नाही. दर वर्षी गाळप संपलं की घरी बसतो, बरं दिसत नाही. डिस्टिलरी सुरू झाली की पहिल्या यादीत पक्का.”

आमचा मुलगा दाराशी उभा होता. त्याचा चेहरा असा उजळला की मी बघायचं टाळलं, दृष्ट लागेल म्हणून.

“फक्त ते पाण्याचं कलम तेवढं सरळ पार पडू दे,” चेअरमनसाहेब भाऊजींना म्हणाले. “तुमच्या पक्षाचीही तीच भूमिका आहे. पुढच्या तिकिटाच्या वेळी आम्हालाही बोलायला तोंड राहील.”

भाऊजी म्हणाले, “मी समतोल भूमिका घेणार आहे.”

ते गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या, “समतोल म्हणजे काय हो? दोन्ही डगरींवर हात?”

“राजकारणात त्याला समतोल म्हणतात,” भाऊजी म्हणाले, पण हसले नाहीत.

“आणि उन्हाळ्यात आपल्या नळाला पाणी येईल की समिती?”

आमचे हे म्हणाले, “मास्तरीणबाई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.”

“दादा, त्यासाठी आधी पाणी लागतं,” जाऊबाई म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

मी काहीच बोलले नाही. तेव्हा माझं मौन नव्हतं, तरी बोलले नाही. मुलगा पक्का होणार, एवढंच माझ्या कानात राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी कागद घेऊन खाली आले. मी कोबी चिरायला घेतला होता. स्टुलावर बसले, चहाचा घोट घेतला आणि सुरू केलं. इंधनाचा भाग छान झाला होता. “सरकार म्हणतं भाव आमच्या हातात नाहीत. कर तर आहे ना?” इथे माझी सुरी थांबली. त्यांनी पेन्सिलीने खूण केली. साखरेचा भाग त्याहून बरा झाला. “आपलं पोतं गोदामात कुजवायचं आणि परक्याचं पोतं बंदरात उतरवून घ्यायचं, हा व्यवहार कोणत्याही घरातली शहाणी बाई करणार नाही.” पुन्हा थांबली. त्यांनी पुन्हा खूण केली.

मग त्यांनी पान उलटलं. आवाज जरा खाली गेला. “पाण्याच्या प्रश्नाबाबत, अध्यक्ष महोदय, परिस्थितीचा साकल्याने विचार करून समितीने निर्णय घ्यावा, असं म्हणणाऱ्या या कलमाला मी...”

आणि मागच्या मोरीत नळ फुसफुसला.

ज्यांच्याकडे पाणी रोज आणि भरपूर येतं त्यांना हे सांगून कळायचं नाही. आमच्याकडे एकाआड एक दिवस येतं. कधी येईल ते सांगता येत नाही, आणि किती वेळ राहील तेही नाही. आधी नळातून हवा निघते, मांजर फिसकारल्यासारखी. मग थोडं लाल पाणी आणि मग चांगलं. हवेचा आवाज झाला की या वस्तीतली बाई हातात असेल ते टाकून उठते, मग हातात काही का असेना. मी सुरी ठेवली, उठले आणि मागे गेले. हंडे भरले, पिंप भरलं, वरच्या टाकीला पाईप जोडून दिला. धार चांगली होती. मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

परत आले तर स्टूल रिकामं. चहा निम्मा राहिलेला. भाऊजी आवरायला गेले असतील असं वाटलं. राहिलेला कोबी चिरून ठेवला आणि प्रार्थनेला बसले.

उठले तेव्हा जाऊबाई शाळेची पिशवी खांद्याला लावून दारात उभ्या होत्या. हेही मागे उभे होते.

“ताई, झालं ना तुमचं? बोलता येतं ना?” त्या म्हणाल्या.

“झालं. काय झालं?”

“ते मला विचारता? वर आले, भाषणाची शेवटची पानं फाडली, उभ्याउभ्या नवीन लिहिलं आणि गाडीत बसून गेलेसुद्धा. कलमाला विरोध करणार आहेत. मी म्हटलं, एका रात्रीत काय झालं? तर म्हणाले, वहिनींनी सभात्याग केला.”

मला आधी अर्थच लागेना. सभात्याग हा त्यांच्या सभागृहातला शब्द. एखादी गोष्ट अजिबात मान्य नसली की सदस्य उठतात आणि बाहेर चालू पडतात. आमदाराच्या डोळ्यांना माणसाच्या उठून जाण्याचं दुसरं काही कारण दिसतच नाही.

“म्हणाले,” जाऊबाई पुढे सांगत होत्या, आणि सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला, “म्हणाले, तिच्या मुलाची नोकरी त्या कलमावर आहे. आणि तीच बाई तोंडातून एक शब्द न काढता उठून गेली. यानंतर मी तो कागद कोणत्या तोंडाने वाचू?”

हे हसू लागले. हसता हसता थांबले. “पण ती तर पाणी भरायला उठली होती. मी बघितलं ना, पाईप लावत होती.”

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

नंतर दोघं एकदम बोलू लागले. हे म्हणाले, फोन कर, अजून वेळ आहे, पोराचं नशीब एका गैरसमजापायी जायला नको. जाऊबाई म्हणाल्या, “ताई, मला ते कलम नकोच आहे, पण पक्षाविरुद्ध बोलले तर यांचं तिकीट जाईल. जायचं असेल तर खऱ्या कारणासाठी जाऊ दे. नळ फुसफुसला म्हणून नको.”

माझ्या मनात काय होतं ते सांगते. त्या क्षणी मला फोन करायचा नव्हता. कोणी आपल्याला इतकं मोठं समजलं, की ते ऐकायला गोड लागतं. शिवाय उन्हाळ्यातल्या कोरड्या नळाकडे रोज मीच बघते, ते कलम पडलं तर सुख मलाच होतं. पण मी स्वतःला एक विचारलं. नळाला पाणी आलं नसतं तर मी उठले असते का? नसते. मी कोबी चिरत बसले असते, आणि चिरताना मुलाच्या पक्क्या नोकरीचा विचार केला असता. जे धाडस भाऊजी माझ्या नावावर मांडत होते ते माझ्यात नव्हतं. दुसऱ्याच्या अंगावरचा दागिना आपल्या गळ्यात पडला तर तो काढून द्यावा लागतो. मी फोन लावला.

ड्रायव्हरने उचलला. “बाई, आम्ही पंपावर रांगेत आहोत. आज रात्रीपासून भाव वाढणार ना, सगळं जग इथे लोटलंय.”

“साहेब कुठे आहेत?”

“साहेब खाली उतरलेत. लोकांनी घेरलंय. लोक म्हणतात, भाव कमी करा. साहेब म्हणतात, मी तुमच्यामागे रांगेत उभा आहे, आधी रांग कमी करा.”

भाऊजींनी फोन घेतला. मागे हॉर्न वाजत होते.

“भाऊजी, मी सभात्याग केला नव्हता.”

“मग?”

“नळाला पाणी आलं होतं.”

कोणीतरी पंपवाल्यावर ओरडत होतं.

“मी कलम वाचत होतो तेव्हाच?” त्यांनी विचारलं.

“तेव्हाच. तुमची वरची टाकीसुद्धा भरली.”

“बरं केलंत,” ते सवयीने म्हणाले. मग म्हणाले, “आणि ते कलम तुम्हाला कसं वाटलं होतं?”

“मला त्याचं काही वाटतच नव्हतं, भाऊजी. माझ्या डोक्यात पोराची नोकरी होती. पाणी आलं नसतं तर मी बसून राहिले असते. तेवढंच सांगायचं होतं. मला आहे तेवढीच समजा.”

“दादांनी सांगितलं फोन करायला?”

“तेही सांगत होते आणि जाऊबाईही. मी त्यांच्यासाठी केला नाही. पण केल्यावर तो तसाच दिसतो, हे मला कळतंय.”

“म्हणजे जुनंच भाषण करू?”

“ते मी कशी सांगणार? तुम्ही निवडून आलात. मी फक्त भाजी चिरते.”

“एक विचारू, वहिनी? माझं वाक्य अर्ध्यावर होतं. ते तेवढं पुरं होऊ द्यावं आणि मग उठावं, असं नाही आलं मनात?”

मला प्रश्नच नवा वाटला. “पाणी थांबतं का कोणासाठी?” मी म्हटलं. “गेलं की गेलं.”

“रांग पुढे सरकली. ठेवतो,” ते म्हणाले. काय करणार ते बोलले नाहीत.

दुपारी आम्ही टीव्हीसमोर बसलो. मुलगा रात्रपाळी करून, झोपून उठला होता. हे त्याला सगळं सांगून मोकळे झाले होते. तो माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत होता. जाऊबाई अर्धी रजा टाकून आल्या होत्या.

भाऊजी उभे राहिले. इंधनाचं बोलले, रांगेतला सकाळचा अनुभव सांगितला, विरोधकांनीही बाकं वाजवली. साखरेचं बोलले. शहाण्या बाईचं वाक्य जसंच्या तसं आलं. मग त्यांनी पाण्याचा प्याला उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला.

“अध्यक्ष महोदय, या कलमाला पाठिंबा देणारं भाषण मी लिहिलं होतं. आज सकाळी घरात ते म्हणून दाखवत होतो. ऐकणारी व्यक्ती मध्येच उठली आणि निघून गेली. मला वाटलं, सभात्याग.” सभागृह हसलं. “मी ते फाडलं आणि दुसरं लिहिलं. फार तडफदार लिहिलं. मग त्या व्यक्तीचा फोन आला. म्हणाली, सभात्याग वगैरे काही नाही, नळाला पाणी आलं होतं.” आता फार हसले. भाऊजी थांबून राहिले. “तेव्हा ते तडफदार भाषणही मी खिशात घातलं. माझ्याकडे आता कुठलंच भाषण नाही. एवढंच आहे, की पाणी आलं तेव्हा त्या घरात कोणी समिती बसवली नाही. आधी भाजी की आधी पाणी, आमदार की पाणी, पोराची नोकरी की पाणी, कशाचाही विचार झाला नाही. एक माणूस उठलं. ज्या गोष्टीचा निर्णय माणूस विचार करायच्या आधीच घेतो, तो निर्णय आपण समितीकडे का देतो आहोत?”

सभागृहात कुजबुज झाली. त्यांच्याच बाकांवरून कोणीतरी खाली बसा असं काहीसं म्हणालं.

“मी डिस्टिलरीच्या विरोधात नाही,” भाऊजी म्हणाले. “मला ती हवी आहे. बाहेरचं तेल आणि बाहेरची साखर, दोन्हींवर माझ्या भागाचं तेच उत्तर आहे. माझा पुतण्या तिथे लागणार आहे, तेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या म्हणाल ताकाला जाऊन भांडं लपवलं. पण गाडीची तहान माणसाच्या तहानेनंतर. पिण्याचं पाणी पहिलं, हे कलमातच लिहा. मी तशी दुरुस्ती मांडतो.”

जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, “‘साकल्याने’ वगळलं, बरं झालं. तो शब्द मला पहिल्यापासून खटकत होता.”

मंत्र्यांनी कलम फेरविचारासाठी मागे घेतलं. अधिवेशन संपायच्या आत ते बदलून आलं. नळ पहिला, समितीचा संबंध त्यानंतरच. वस्तीतल्या बायका जाऊबाईंना रस्त्यात थांबवून आनंद सांगू लागल्या. मी देवापुढे बसले की शब्द सुचायचे नाहीत, नुसती बसून राहायचे. काही आनंद असे असतात की ते मागितलेलेही नसतात आणि मिळवलेलेही नसतात. ते हातात कसे धरायचे तेच कळत नाही.

पण पाण्याची हमी नाही म्हटल्यावर डिस्टिलरी पुढे ढकलली गेली. एखादं वर्ष की दोन, कोणी सांगेना. पक्क्या लोकांची यादीही तिच्याबरोबर गेली.

मुलगा रागावला. “काकांना माझं नाव घ्यायची काय गरज होती?”

“नाव नाही घेतलं, नातं घेतलं,” हे म्हणाले.

“कारखान्यात सगळे मला पुतण्या म्हणायला लागलेत.”

“आहेसच की.”

तो माझ्याशी मात्र बोलेना. सकाळी माझं मौन आणि माझं सुटलं की त्याचं सुरू. घरात काय तो कुकर बोलायचा. मी त्याला समजवायला गेले नाही. त्याचं नुकसान खरं होतं. खऱ्या नुकसानाला शहाणपण सांगायला गेलं की ते अंगावर येतं. ताट वाढायचे आणि बाजूला व्हायचे.

आणि मग एके दिवशी चेअरमनसाहेबांनी त्याला ऑफिसात बोलावून घेतलं. आता हंगामीतूनही काढतात, असं धरून हे दिवसभर अंगणात फेऱ्या घालत होते. मुलगा परत आला तो गोंधळलेला. लांबच्या एका कारखान्यात डिस्टिलरी चालू आहे, तिथल्या चेअरमनशी आमचे चेअरमनसाहेब बोलले होते. जागा होती. पक्की. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं.

“त्यांनी स्वतः फोन केला?” मी विचारलं.

“माझ्यासमोरच केला. म्हणाले, पोरगं कामाला चोख आहे, फक्त त्याच्या घरचे लोक फार खरं बोलतात, तेवढं सांभाळून घ्या.”

त्याला सोडायला मी स्टँडवर गेले. बस लागलेली होती. त्याने बॅग वर टाकली आणि खाली येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

“आई, मला अजून थोडा राग आहे.”

“असू दे,” मी म्हटलं. “घेऊन जा बरोबर. नव्या जागी पहिले दिवस कोणी ओळखीचं लागतं.”

तो हसला. पाया पडायला वाकला तर मी त्याला अर्ध्यातच धरला. बस गेल्यावर मी तिथल्या बाकावर थोडी बसले. रडले म्हणत नाही, पण बसले. मग उठून कारखान्याचा रस्ता धरला.

चेअरमनसाहेबांच्या ऑफिसात मी पूर्वी कधी गेले नव्हते. मोठं टेबल, त्यावर काचेच्या बरणीत साखरेचे नमुने, मागच्या खिडकीतून उसाच्या ट्रकांची ओळ दिसते. मळीचा वास सगळीकडे. त्यांनी मला बघून चष्मा काढला.

“या वहिनी. आता आणखी कोणाचा सभात्याग?”

“आभार मानायला आले,” मी म्हटलं. “पोराचं केलंत.”

“बसा.” ते जरा वेळ बरणी फिरवत राहिले. “तुमच्या दिराने मला भर सभागृहात आडवं केलं. आणि तुम्ही आभार मानायला आलात.”

“हो.”

“पोराचं केलं ते पोरासाठी. त्याच्या बापाने इथे हात दिला आहे. तिकिटाचं मात्र मी काही कबूल करत नाही.”

“मी त्यासाठी आले नाही.”

“माहीत आहे. म्हणून तर अवघड जातं. मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणता येतं.” त्यांनी शिपायाला चहा सांगितला. मग खिडकीकडे बघत, जसं काही ट्रकांनाच सांगत होते, म्हणाले, “एक इंजिनियर बोलावलाय. उसात पाणी थोडं नसतं, वहिनी. रस आटवताना त्याची वाफ होते, ती थंड झाली की आम्ही गटाराला सोडतो. तो म्हणतो, तेच धरलं, स्वच्छ केलं, तर डिस्टिलरीचं पुष्कळसं भागेल. खर्च आहे. पण कलमच गेलं म्हटल्यावर आता आमचं पाणी आम्हालाच शोधायला हवं.”

माझे हात आपोआप जुळले. म्हटलं, “फार चांगलं केलंत.”

“अजून केलं नाही. बघतोय.” चहा आला. त्यांनी आपला कप माझ्याकडे सरकवला आणि दुसरा स्वतः घेतला. “आणि हे तुमच्या दिराला सांगू नका एवढ्यात. त्याला वाटेल तो बरोबर होता.”

“नाही सांगणार.”

“नक्की?”

“आपणहून नाही सांगणार. पण त्यांनी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही.”

चेअरमनसाहेबांनी कप तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली आणला नाही. खांदे तेवढे हलत होते.

“मग तो विचारणार नाही, अशी प्रार्थना करा,” ते म्हणाले.

“करते,” मी म्हटलं. आणि त्या संध्याकाळी केलीही, चेअरमनसाहेबांच्या नावाने, अगदी मनापासून.